जड पाण्याच्या वस्तीत गिझर कसा टिकवावा?



थंडी सुरू झाली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. गिझर आहे, लाइट आहे, बटणाचा लाल दिवाही लागतो, पण पाणी काही तापत नाही. मेकॅनिकला बोलवावे तर तो खालचे झाकण उघडतो, पांढऱ्या खपल्यांनी मढलेली कॉइल हातात धरून दाखवतो आणि म्हणतो, "ताई, कॉइल गेली." कॉइल बदलून वर्ष होते न होते तोच टाकी गळू लागते. मग तोच मेकॅनिक सांगतो, "आता याच्यावर खर्च करू नका, नवीनच घ्या." दिवाळीच्या बोनसमधून किंवा महिन्याच्या हप्त्याने घेतलेली वस्तू तीन-चार वर्षांत भंगारवाल्याच्या गाडीवर चढते.

आपण कंपनीला नावे ठेवतो. कधीकधी तो दोष खराही असतो. पण जिथे बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, तिथे गिझर मारतो तो पाण्यातला चुना. त्याच कंपनीचा तोच गिझर मुंबईत महानगरपालिकेच्या पाण्यावर दहा वर्षे चालतो आणि उपनगराच्या टोकाला बोअरवर तीन वर्षांत संपतो, हे अनेकांनी पाहिले असेल. मुंबईचे पाणी येते भातसा, वैतरणा अशा धरणांतून, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी. त्यात क्षार थोडे. बोअरचे पाणी मात्र वर्षानुवर्षे खडकाच्या भेगांतून मुरत खाली गेलेले असते. वाटेत ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आपल्यात विरघळवून घेते. आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, त्यामुळे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जडच निघते. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, कोरपना या भागात तर जमिनीखाली चुनखडकच आहे. सिमेंटचे कारखाने तिथे त्याच्याच जोरावर उभे आहेत. तिथल्या विहिरीच्या पाण्यात चुना नसेल तर काय असेल? अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तऱ्हा आणखी निराळी. तिथे मिठासारखे क्षारही जास्त, त्यामुळे थर बसण्याबरोबर लोखंड गंजण्याचीही भीती.

शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' पाणी म्हणत. फेस नीट न देणारे ते दुष्फेन. आपल्या बोलण्यात ते जड पाणी. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, धुतलेले केस चिकट राहतात, स्टीलच्या भांड्यावर सुकलेल्या थेंबांचे पांढरे डाग पडतात. खात्री करायची असेल तर स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा छोटा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस येऊन खालचे पाणी नितळ राहिले तर पाणी मऊ. फेस थोडा, पाणी दुधाळ आणि वर साय धरल्यासारखी दिसली तर जड. साबणच घ्या, धुण्याची पावडर नको. पावडर जड पाण्यातही फेस देते, मग फसगत होते. पावसाचे किंवा नगरपालिकेचे पाणी दुसऱ्या बाटलीत घेऊन शेजारी ठेवले तर फरक लहान मुलांनाही दिसतो.

आकडा हवा असेल तर पाणी तपासून 'एकूण कठीणपणा' किती ते विचारा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, वर्ष 2012) ही मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम धरली आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जड पाणी हे विष नव्हे, घाबरू नका. पण माणसाला चालणारे पाणी गिझरला चालतेच असे नाही. लिटरला 200 मिलिग्रॅमच्या पुढे गेले की थर झपाट्याने बसतो. फिल्टर विकणारे लोक दारात येऊन पेनासारखे यंत्र पाण्यात बुडवतात आणि मोठा आकडा दाखवतात, तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्यात मीठही मोजले जाते. त्यावरून चुना किती ते कळत नाही.

आता हा चुना गिझरमध्ये करतो काय? पाण्यात विरघळलेला असतो तो कॅल्शियम बायकार्बोनेट. पाणी तापले की तो फुटतो, त्यातला वायू निघून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट उरतो. फळ्यावर लिहायचा पारंपरिक खडू ज्याचा, तोच हा पदार्थ. आंघोळीच्या पाण्याच्या पातेल्याला आतून बसतो तो पांढरा थर हाच. फरक एवढाच की पातेले आपण घासतो, गिझरच्या आत कुणी डोकावत नाही.

थोडा हिशेब करू. समजा, घरात पाच माणसे आहेत आणि गिझरमधून रोज 60 लिटर पाणी तापून निघते. पाण्याचा कठीणपणा 400 मिलिग्रॅम आहे आणि त्यातला फक्त चौथा हिस्सा आत बसतो. म्हणजे लिटरमागे 100 मिलिग्रॅम, दिवसाला 6 ग्रॅम. हिवाळ्याचे चार महिने वापर केला तर 720 ग्रॅम. बारा महिने वापरला तर दोन किलोंच्या वर! पंधरा लिटरच्या टाकीत दोन किलो दगड घेऊन तो गिझर भिंतीवर टांगलेला असतो. पाणी कमी पुरते म्हणून आपण कुरकुरतो, तेव्हा टाकीतली काही जागा या दगडाने व्यापलेली असते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. थर बसला की लाइट बिल दुप्पट येते, असे दुकानदार सांगतात. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते. उष्णता थोडी उशिरा का होईना, पाण्यातच जाते. त्यामुळे बिलात फार मोठा फरक पडत नाही. नुकसान होते ते कॉइलचे. तिच्या अंगावर चुन्याचे जाड पांघरूण असते, त्यातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, आणि आतली तार हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. शेवटी तार जळते किंवा वरची तांब्याची नळी फुटते. नळी फुटली की वीज पाण्यात उतरते. हा सगळ्यांत मोठा धोका, त्याबद्दल पुढे सांगतेच.

आता उपाय. सगळ्यांत सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे उष्णता कमी ठेवणे. पाणी जितके जास्त तापवाल तितका चुना जास्त सुटतो, आणि साठ अंशांच्या पुढे तर तो फार वेगाने बसतो. पुष्कळ घरांत गिझरची फिरकी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेली असते आणि मग कढत पाण्यात थंड ओतत बसतात. फिरकी 50 ते 55 अंशांवर ठेवा. बाहेर फिरकी नसेल तर ती खालच्या झाकणाच्या आत थर्मोस्टॅटवर असते. मेकॅनिक आला की त्याच्याकडून खाली आणून घ्या. पण 50 च्या खाली नको. कोमट पाणी टाकीत साचून राहिले तर त्यात जंतू वाढतात. गावाला गेल्यामुळे गिझर आठ-दहा दिवस बंद राहिला असेल, तर आल्यावर एकदा 60 अंशांच्या वर पूर्ण तापवा, ते पाणी सोडून द्या आणि मग वापरायला घ्या. आणि बटण दिवसभर चालू ठेवू नये. आंघोळीच्या आधी पंधरा-वीस मिनिटे लावला तर दोन किलोवॅटचा पंधरा लिटरचा गिझर पुरेसा तापतो.

दुसरा उपाय पाण्याच्या वाटेचा. ज्या वस्तीत सकाळी तासभर नगरपालिकेचे पाणी येते आणि बाकी वेळ बोअर, तिथे गच्चीवर बहुधा दोन्ही पाण्यांची एकच टाकी असते. छोटी वेगळी टाकी बसवून गिझरला फक्त नगरपालिकेचे पाणी दिले तर अर्धा प्रश्न सुटतो. नीट विचार केलात तर लक्षात येईल की आंघोळीच्या पाण्यातला गिझरचा वाटा थोडाच असतो. बादलीत एक हिस्सा कढत आणि दीड-दोन हिस्से थंड. थंड खुशाल बोअरचे असू द्या! दोन ड्रमएवढी टाकी रोज भरून ठेवली तरी कुटुंबाला पुरते. तेवढीही सोय नसेल तर निम्मे-निम्मे मिसळलेले पाणीही निव्वळ बोअरपेक्षा बरे. भाड्याच्या खोलीत नळजोडणीला हात लावता येत नाही हे खरे, पण चार घरे मिळून मालकाशी बोलली तर एका पाइपाचा खर्च तो नाकारीलच असे नाही.

तुरटी फिरवून पाणी मऊ होईल असे काही जणी समजतात. तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेला चुना तसाच राहतो. पाइपाला बाहेरून बांधायच्या लोहचुंबकाने पाण्यातला चुना कमी होत नाही, पैसे मात्र कमी होतात. पांढऱ्या गोळ्यांची छोटी डबी गिझरच्या आधी पाइपात बसवतात, तिचा उपयोग होतो. त्या फॉस्फेटच्या गोळ्या चुन्याला घट्ट बसू देत नाहीत. पण गोळ्या संपल्या की भराव्या लागतात, आणि पाणी फार तापवले तर त्यांचा गुण कमी पडतो. पिण्याच्या नळावर ती डबी नको. सोसायटीने मिळून मिठावर चालणारे मोठे यंत्र बसवले असेल तर उत्तमच, फक्त पुढे सांगितलेली कांडी अशा पाण्यातही लवकर झिजते हे ध्यानात असू द्या.

तिसरे काम तीन महिन्यांतून एकदा करायचे, टाकी रिकामी करून गाळ काढणे. रविवारी दुपारी अर्धा तास लागतो. आदल्या रात्रीपासून गिझर बंद ठेवा म्हणजे आतले पाणी निवेल. सकाळी नुसते बटण नव्हे, मेन स्विच किंवा गिझरचा एमसीबी खाली पाडा. थंड पाण्याचा कॉक बंद करा. मग गरम पाण्याचा नळ उघडा. बहुतेकांना वाटते की नळातून पाणी थांबले म्हणजे टाकी रिकामी झाली. तसे नसते. भिंतीवर उभ्या टांगलेल्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी आत थेट वरपर्यंत गेलेली असते, त्यामुळे खालचे सगळे पाणी टाकीतच राहते. ते निघते थंड पाण्याच्या बाजूने. तिथे छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याची कळ उचलली की धार लागते. कळ नसेल तर प्लंबरकडून तिथला जोड सैल करून घ्यावा. खाली बादली ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर वाळूसारखी पांढरी कणी, कधी हरभऱ्याएवढ्या खपल्याही दिसतील. थोडे ताजे पाणी आत सोडून पुन्हा काढा, असे दोन-तीनदा करा. नंतर कॉक उघडून टाकी भरू द्या, आणि गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत, पुन्हा सांगते, सलग धार येईपर्यंत वीज लावू नका. रिकाम्या टाकीत कॉइल लावली तर ती मिनिटा-दोन मिनिटांत जळते.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब पडले तर ते बरोबर आहे. पाणी तापून फुगते, पंधरा लिटरमागे पाव लिटरच्या आतच, पण त्याला वाट हवी. थेंब पडतात म्हणून काही लोक त्याला बूच मारतात किंवा चिंधी बांधतात. असे चुकूनही करू नये, टाकी फुटू शकते. जड पाण्यात हा व्हॉल्व्ह चुन्याने आपोआपच अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा कळ वर-खाली करावी.

आता राहिली ती कांडी, जिच्याबद्दल गिझर घेताना दुकानदार बहुधा काही सांगत नाही. गिझरच्या लोखंडी टाकीला आतून काचेसारखा लेप असतो. लेपाला कुठेतरी बारीक चीर असतेच. तिथून लोखंड गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी सोडलेली असते. तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, आणि ते झिजत असेपर्यंत लोखंड सुरक्षित असते. कांडी संपली की गंज टाकीकडे वळतो. पाण्यात क्षार जास्त तितकी कांडी लवकर संपते. चांगल्या पाण्यात ती दोन-तीन वर्षे जाते, बोअरच्या पाण्यात कधी वर्षातच तिची नुसती तार उरते. गिझर गळाला की लोक म्हणतात टाकी हलकी होती. पुष्कळदा टाकी ठीक असते, कांडी वर्षापूर्वीच संपलेली असते. तिची किंमत नव्या गिझरच्या तुलनेत किरकोळ आहे. म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या आधी मेकॅनिकला मोकळा वेळ असतो तेव्हा, त्याला बोलवा आणि सांगा, "भाऊ, कॉइल साफ करायची आहे आणि कांडी बघायची आहे." अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदलून घ्या. झाकणाचा रबरी वॉशरही त्याच वेळी नवा टाका, कारण जुना पुन्हा नीट बसत नाही. जुनी कांडी मागून घ्या, म्हणजे खरोखर बदलली की नाही तेही कळते.

कॉइल साफ करण्याची एक पद्धत मात्र थांबवली पाहिजे. काही मेकॅनिक घाई असली की संडास धुण्याचे ॲसिड ओततात. थर पटकन निघतो, पण ते ॲसिड तांबेही खाते आणि टाकीच्या लेपालाही लागते. बंद मोरीत त्याचा धूर छातीत जातो. त्याऐवजी मोठ्या खपल्या हाताने किंवा लाकडी चमच्याने हळूच सोडवा, पेचकसाने ठोकू नका. मग लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात लिटरला 50 ग्रॅम टाकून त्यात कॉइल तास-दोन तास बुडवून ठेवा. बुडबुडे येतील. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक असेल तर नवे पाणी करा, कारण चुना विरघळायला त्याच्या वजनापेक्षा थोडे जास्तच लिंबूफूल लागते. म्हणूनच जाड खपल्या आधी काढायच्या. वायर जोडायची टोके पाण्याबाहेर कोरडी ठेवा. जोडण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा.

गिझर आजारी पडण्याआधी आवाज देतो. तापताना आतून कडकड, खडखड ऐकू आले तर थराखाली पाणी उकळते आहे असे समजा. गरम पाण्यात पांढरी कणी येणे, शॉवरची भोके बुजणे हीही तीच खूण. फक्त गरम नळाला तांबूस पाणी येऊ लागले तर मात्र कांडी संपून टाकी गंजू लागली आहे, एक दिवसही थांबू नका.

आणि आता विजेचे. फुटलेल्या कॉइलमधून पाण्यात उतरलेली वीज माणसाऐवजी जमिनीत जावी म्हणून अर्थिंग असते. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे मुळीच नाही. जुन्या चाळींत आणि वाढवून बांधलेल्या खोल्यांत तिसऱ्या भोकाला पुष्कळदा तारच जोडलेली नसते. वायरमनला बोलवून तेवढे तपासून घ्या आणि जमेल तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज गळू लागली की तो क्षणात लाइट तोडतो. घरात एक नियम करा, पाणी बादलीत काढायचे, गिझरचे बटण बंद करायचे, मगच आंघोळीला बसायचे. नळाला हात लावताच हलकासा मुंग्या आल्यासारखा झटका बसतो, असे कुणी म्हणाले तर "थंडीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवशी चुलीवर पाणी तापवा.

ज्यांच्याकडे तीन लिटरचा इन्स्टंट गिझर आहे त्यांनी थर अधिक वेळा बघावा, कारण छोट्या टाकीत तीन किलोवॅटची कॉइल असते आणि अनेक मॉडेलांत कांडी नसते. गॅसच्या गिझरमध्ये थराने तांब्याची नळी अरुंद होते. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचून माणसे मरतात, वास येत नाही, कळतही नाही. तो बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत हवा.

माझे मत विचाराल तर ज्या घरात पाणी फारच जड आहे आणि माणसे दोन-तीनच, तिथे चांगला आयएसआय शिक्क्याचा पाण्यात सोडायचा रॉड घेण्यात कमीपणा नाही. त्याचा थर डोळ्यांना दिसतो, संध्याकाळी व्हिनेगरमध्ये बुडवला की सकाळी पुसून निघतो. फक्त प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही, आणि लहान मुले असलेल्या घरात तो खाली ठेवायचाच नाही. हे पाळणे जमणार नसेल तर गिझरच बरा.

नवीन गिझर घेताना वॉरंटीचे कार्ड दुकानातच वाचून घ्या. त्यात वस्तूची, कॉइलची आणि टाकीची मुदत वेगवेगळी असते. मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाच किंवा सात वर्षे बहुधा फक्त टाकीची असतात. अनेक कार्डांवर बारीक अक्षरात असेही असते की क्षाराच्या थरामुळे झालेले नुकसान धरले जाणार नाही, किंवा कांडी वेळेवर बदलली असेल तरच टाकीची जबाबदारी. म्हणून कांडी बदलल्याची पावती तारखेसह बिलाला टाचून ठेवा. आणि पाणी जड आहे हे दुकानदाराला आधीच सांगून, याच मॉडेलची कांडी आणि कॉइल आपल्या गावात सुटी मिळते का, ते विचारा. नाही म्हणाला तर दुसरे मॉडेल बघा.